आमवात आणि दिव्यांग प्रमाणपत्र : सोलापुरात अर्ज कसा करायचा, कोण पात्र, कागदपत्रं कोणती

सकाळी सहाला मूठ वळत नाही. नळाची तोटी फिरवायला दोन्ही तळवे लावावे लागतात, दुधाच्या पिशवीला कात्री लावायची तर अंगठा साथ देत नाही. दहा-साडेदहाला बोटं सैल पडतात, भाकरी थापली जाते, आणि घरातलंच कुणीतरी म्हणतं, "आता तर चांगली हायस की." हा आजार घेऊन सोलापुरात राहायला मला ११ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ओळखीच्या बायकांनी, त्यातल्या पुष्कळ पूर्व भागातल्या विड्या वळणाऱ्या, मला सगळ्यांत जास्त वेळा एकच प्रश्न विचारला आहे: आमवाताला दिव्यांगाचा दाखला मिळतो का?

आजाराला मिळत नाही. आजाराने सांध्यांचं जे कायमचं नुकसान झालं, त्याला मिळतो. एवढा फरक नीट समजला तर पुढच्या निम्म्या चकरा वाचतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. त्यांत आमवाताचं, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं, नाव नाही. यादी वाचून बरेच जण तिथेच थांबतात. पण यादीत अस्थिव्यंग आहे. हाडं, सांधे, स्नायू किंवा मज्जासंस्थेच्या बिघाडामुळे स्वतःची किंवा वस्तूंची हालचाल नीट करता न येणं, असा त्याचा अर्थ. तो बिघाड अपघाताने झाला, पोलिओने की आमवाताने, याला महत्त्व नाही. आपला अर्ज याच प्रकारात जातो.

टक्केवारी कशावरून ठरते

सवलतींसाठी बहुतेक ठिकाणी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. त्याहून कमी भरलं तरी प्रमाणपत्र मिळू शकतं, पण त्याचा उपयोग थोडा. ओळखपत्राचा रंगही त्यावरच ठरतो: ४० टक्क्यांच्या आत पांढरा, ४० ते ८० दरम्यान पिवळा, ८० आणि पुढे निळा.

डॉक्टर सांधा किती अंशांत वळतो ते मोजतात, स्नायूंची ताकद बघतात, आणि मग रोजची कामं करून दाखवायला सांगतात. मार्गदर्शक सूचनांमधली हाताची कामं वाचली तेव्हा आपलाच दिवस कुणीतरी लिहून काढल्यासारखं मला वाटलं: हाताने जेवणं, पेला उचलून पाणी पिणं, केस विंचरून वेणी घालणं, बटण लावणं, नाडी बांधणं, लिहिणं, डोक्यावरची वस्तू उचलणं. पायांसाठी सपाट जमिनीवर आणि चढावर चालणं, जिना चढणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघे टेकणं, एका पायावर उभं राहणं.

थकव्याला मात्र या मोजमापात वेगळे गुण नाहीत, आणि दुखण्याचे गुण मिळालेच तर थोडेच. ज्या बाईची बोटं अजून सरळ आहेत पण रात्र रात्र झोप लागत नाही, तिची टक्केवारी कमी भरते. मला हे अन्यायाचं वाटतं. तरी जे आहे ते ठाऊक असलेलं बरं, म्हणजे तपासणीच्या खोलीत "खूप दुखतं हो" एवढंच सांगत बसू नये. "ब्लाऊजची बटणं मुलगी लावते, भांडं दोन्ही हातांनी उचलते, तेही अर्धं भरलेलं" असं सांगावं. खरं तेच, पण कामाच्या भाषेत.

आजार कळून सहा महिने-वर्षच झालं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: आधी उपचार. मेथोट्रेक्सेटसारख्या औषधाचा गुण यायलाच ६ ते १२ आठवडे लागतात, आणि वेळेत सुरू झालेलं औषध सांधे वाकण्यापासून वाचवू शकतं. टक्केवारी जास्त भरावी म्हणून तपासणीआधी गोळ्या बंद करणाऱ्या दोघी मला माहीत आहेत. कृपा करून हे करू नका. त्या दोन-तीन आठवड्यांत सूज उसळली तर झालेली झीज पुन्हा भरून येत नाही. आणि अर्जाच्या धावपळीत एक विसरू नका: मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच, डॉक्टरांनी ठरवलेल्या वारीच. ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं.

कागदपत्रं

अर्जाला फार कागद लागत नाहीत: आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट आकाराचा फोटो, सही किंवा अंगठ्याचा ठसा, आणि चालू मोबाइल नंबर. आधारला जोडलेला नंबर जुना किंवा दुसऱ्याच्या नावावरचा असेल तर आधी तो बदलून घ्या, कारण ओटीपी तिथेच जातो. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळं असेल तर तेही आधी निस्तरा. वर्षानुवर्षं विड्या वळून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या असतात, त्यात बोटं वाकडी, म्हणून ठसा उमटत नाही. अशा वेळी आधारची ओळख डोळ्याच्या बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरून पटवता येते. अर्ज भरून देणाऱ्या केंद्रावर तसं स्पष्ट मागा.

खरं वजन वैद्यकीय फाइलचं. आजार किती वर्षं आहे हे सांगणारी जुनी चिठ्ठी, आर.ए. फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या आमवाताच्या रक्ततपासण्यांचे रिपोर्ट, अंगातली सूज दाखवणारे ईएसआर-सीआरपी, हातांचे आणि गुडघ्यांचे एक्स-रे, चालू औषधांची चिठ्ठी, शस्त्रक्रिया झाली असेल तर डिस्चार्ज कार्ड. आर.ए. फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून घाबरू नका. हा आजार असलेल्या बऱ्याच जणांचा तो निगेटिव्हच असतो. सगळं तारखेप्रमाणे लावा, जुनं खाली आणि नवं वर. मी पहिल्यांदा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून नेलं होतं आणि समोर डॉक्टर बसलेले असताना आखडलेल्या बोटांनी एक्स-रे शोधत राहिले.

अर्ज आणि तपासणी

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर होतो. प्रमाणपत्र आणि युनिक डिसॅबिलिटी आयडी, म्हणजे यूडीआयडी कार्ड, दोन्हींसाठी तो एकच. सरकारी शुल्क नाही. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला मोबाइलवरही भरता येतो. केंद्रावर भरलात तर भरून देण्याचे पैसे ते घेतील, पण "पाठवा" दाबण्याआधी पडदा स्वतः वाचा. माझ्या अर्जात एका केंद्रावर दिव्यांगत्वाचा प्रकारच चुकीचा निवडला गेला होता आणि ते कळेपर्यंत दोन महिने गेले. शेवटी जो नोंदणी क्रमांक मिळतो, त्याची छापील प्रत फाइलच्या पहिल्या पानावर लावा.

तपासणीचं रुग्णालय अर्जातच निवडावं लागतं. शहरातली माणसं बहुतेक सिव्हिलच निवडतात, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, जे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. पंढरपूर, अकलूज, बार्शीकडच्या लोकांनी यादीत जवळचं कोणतं रुग्णालय दिसतं ते आधी बघावं. सुजलेले गुडघे घेऊन एसटीत दोन तास बसणं सोपं नसतं. अस्थिव्यंगाची तपासणी कोणत्या वारी असते, हे निघण्याआधी विचारून घ्या.

त्या दिवशी मूळ कागद आणि झेरॉक्सचा एक संच, दोन्ही न्या. सोबत एक माणूस हवाच, कारण रांगेत उभं राहणं, जिना आणि फाइल एकट्याने जमत नाही. डबा आणि पाणी घ्या. दुपारच्या गोळ्या उपाशीपोटी नकोत. आणि सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकतो ते आपणहून सांगा. तुमचा नंबर दुपारी बारानंतर लागला तर डॉक्टरांना तुमची सैल झालेलीच बोटं दिसणार आहेत.

ऑक्टोबर २०२४ च्या सुधारित नियमांनुसार अर्जावर ३ महिन्यांत निर्णय अपेक्षित आहे. प्रमाणपत्र पोर्टलवरून उतरवून घेता येतं, कार्ड पोस्टाने घरी येतं. टक्केवारी मान्य नसेल तर ९० दिवसांच्या आत अपील करता येतं. तेव्हा नुसती नाराजी लिहू नका, नवा एक्स-रे किंवा तज्ज्ञांचं पत्र जोडा.

दाखला हातात आल्यावर

घरची परिस्थिती बेताची असेल तर पहिलं काम संजय गांधी निराधार अनुदान योजनेचं. वय १८ ते ६५, दिव्यांगत्व किमान ४० टक्के, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांपर्यंत आणि राज्यात किमान १५ वर्षं वास्तव्य, या तिच्या मुख्य अटी. दिव्यांगांचं अनुदान २०२५ मध्ये महिना १,५०० वरून २,५०० रुपये झालं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा आणि वयाचा पुरावा, रेशनकार्ड, आधार जोडलेल्या खात्याचं पासबुक आणि दिव्यांग प्रमाणपत्र घेऊन आपल्या तालुक्याच्या तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत जायचं. कुंभारीच्या विडी घरकुलात राहणाऱ्यांचा तालुका दक्षिण सोलापूर. शहराला लागून आहे म्हणून उत्तर सोलापूर तालुक्याच्या कचेरीत जाऊ नये. हे अनुदान सुरू झालं की लाडकी बहीण योजनेचे १,५०० एकाच वेळी मिळत नाहीत, ते धरूनच महिन्याचा हिशोब करा.

एसटीत ४० टक्क्यांच्या पुढे ७५ टक्के सवलत आहे. बायकांना अर्धं तिकीट आहेच, पण कार्ड दाखवलं तर पाव भाड्यात जाता येतं. रेल्वेच्या सवलतीचा नमुना वेगळा आहे, आणि सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग व्यक्तींनाच ती मिळते. नोकरदारांनी जुन्या करपद्धतीत कलम ८०यू बघावं: ४० टक्क्यांपासून ७५ हजार आणि ८० टक्क्यांपासून १ लाख २५ हजारांची वजावट. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. गावात राहत असाल तर ग्रामसेवकाकडे लेखी अर्ज द्या, तोंडी सांगून येऊ नका.

आमवातात सांधे पुढे सुधारू किंवा बिघडू शकतात, म्हणून प्रमाणपत्र पुष्कळदा तात्पुरतं, ठरावीक मुदतीचं मिळतं. मुदतीची तारीख दिनदर्शिकेवर तीन-चार महिने आधीच्या पानावर लिहून ठेवा, आणि मधल्या काळातले एक्स-रे टाकून देऊ नका. पुन्हा तपासणीला बसाल तेव्हा तेच लागणार आहेत.