जागा वाढल्या, पण कुठं आणि कशाच्या? तंत्रशिक्षणाच्या अनुशेषाची पार्श्वभूमी

मराठवाडा-विदर्भात नवीन आयटीआय, कौशल्य केंद्रं, जिल्ह्याजिल्ह्यात कॉलेज अशा घोषणा परत जोरात सुरू झाल्यात आणि बातम्या वाचून वाटतं की मागणी आत्ताच निघालीये. तसं नाहीये, हे लेखी आश्वासन आहे. 1953 च्या नागपूर करारातच (विदर्भ-मराठवाडा मराठी राज्यात यावेत म्हणून नेत्यांनी केलेला करार) व्यवसाय आणि तंत्र प्रशिक्षणाच्या संस्थांमध्ये या भागातल्या पोरांना पुरेसा प्रवेश मिळेल असं लिहिलेलं होतं, आणि 1956 ला घटनेत जे कलम 371(2) आलं त्यात तर तंत्रशिक्षण आणि व्यवसाय प्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी हे सरळ नमूद आहे. आपल्याकडं 371 म्हटलं की सगळे सिंचनावर बोलतात, हा भाग वाचायचाच राहून जातो. त्या कलमाखालची, मागास भागांच्या विकासावर लक्ष ठेवणारी विकास मंडळं यायला 1994 उजाडलं, आणि एप्रिल 2020 ला त्यांची मुदतही संपली.

आयटीआयची योजना 1950 ची, अप्रेंटिसचा कायदा 1961 चा, एमआयडीसी 1962 ची. कारखाने मुंबई-ठाणे-पुण्यात, म्हणून शिकलेला फिटर-टर्नर पण तिकडंच जायचा. इंजिनिअरिंगचं म्हणाल तर पुण्याचं कॉलेज 1854 चं, माटुंग्याचं 1887 चं, आणि मराठवाड्यात सरकारी पैशातून उभं राहिलेलं पहिलं औरंगाबादला 1960 ला, दुसरं नांदेडला थेट 1981 ला.

आता 1983, कारण आजचं बरंचसं चित्र तिथून ठरलंय. त्या वर्षी राज्यानं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. बाजूनं बोलणारे सांगतात की तिजोरीत पैसा नव्हता, आपली पोरं डोनेशन भरून कर्नाटकात जात होती, तो पैसा आणि ती पोरं इथं राहिली, खेड्यातल्या घरात पहिला इंजिनिअर झाला. हे सगळं खरं आहे, मी स्वतः अशी घरं बघितलीयेत. विरोधात बोलणारे म्हणतात शिक्षणाचा धंदा झाला, आणि तेही खरंय, नाहीतर 1987 ला कॅपिटेशन फी (प्रवेशासाठी उकळलेलं डोनेशन) बंदीचा कायदा करायची वेळ आली नसती. पुढं 1993 ला सुप्रीम कोर्टानं फ्री सीट (कमी फीची) आणि पेमेंट सीट (जास्त फीची) असं वाटप घालून दिलं, 2002 ला ते पण रद्द झालं, मग फी ठरवायला समित्या आल्या. हा कोर्टाचा भाग सगळ्यांना तोंडपाठ आहे म्हणून इथंच सोडतो.

माझा आक्षेप वेगळाच आहे. त्याच 1983 मध्ये, त्याच सरकारनं, प्रादेशिक असमतोल मोजायला समिती नेमली होती! 1984 ला तिचा अहवाल आला, जिल्हावार अनुशेष (राज्याच्या सरासरीपेक्षा जे कमी पडलं ते भरून काढायचा खर्च) सुमारे 3,187 कोटी निघाला, आणि मोजलेल्या नऊ क्षेत्रांमध्ये तंत्रशिक्षण हे स्वतंत्र क्षेत्र होतं. म्हणजे कुठल्या जिल्ह्यात किती कमी आहे हे सरकार मोजत होतं आणि तेव्हाच नवीन कॉलेज कुठं निघणार हे मात्र ज्याच्याकडं जमीन, साखर कारखाना, बँक आणि मंत्रालयात वजन आहे त्याच्यावर सोडत होतं. साहजिकच ऊसपट्टा आणि मोठ्या शहरांभोवती कॉलेजं दाट झाली, गडचिरोली-हिंगोलीकडं कोण जाणार. खाजगी संस्थांना दार उघडलं याला माझा विरोध नाही, पण परवानगी देताना जागा कुठली हे सरकारनं स्वतःच्या हातात ठेवायला पाहिजे होतं, अनुशेषाच्या जिल्ह्यात काढणाऱ्याला आधी परवानगी एवढी एक अट घातली असती तरी आज चित्र वेगळं दिसलं असतं. आणि ज्या जागेची फी कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोराला झेपत नाही ती कागदावर मोजली तरी त्याच्यासाठी ती नाहीच.

दुसरं असं की खाजगी पैसा डिग्रीकडं गेला, ट्रेडकडं (आयटीआयच्या हातकामाच्या अभ्यासक्रमांकडं) त्यामानानं कमी. कारण सोपंय. फिटरच्या पोराला सुरवातीचे महिने व्हाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात) पोलादाचा तुकडा धरून कानस घासायला लागते, चारी बाजू काटकोनात आल्या का ते ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचा गुण्या) लावून उजेडाकडं धरून बघायचं, फटीतून उजेड दिसला की परत घासायचं, आणि हात कुठं चुकतोय ते सांगायला निदेशक (आयटीआयचा शिक्षक) शेजारी उभा लागतो. वीसेक पोरांच्या तुकडीला व्हाइस, लेथ, कच्चं मटेरियल, वीज, वर निदेशकाचा पगार, हा खर्च आयटीआयच्या फीतून निघत नाही. तो सरकारनंच करायचा असतो. चारशेच्या वर सरकारी आयटीआय झाल्या, जवळपास प्रत्येक तालुक्याला, हे मोठं काम आहे आणि त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे, पण निदेशकांची पदं रिकामी ठेवायची आणि तासिकेवर माणसं घेऊन वर्ष ढकलायचं ही सवय पण त्याच्यासोबतच लागली.

गेल्या दहा-बारा वर्षांत दोन्ही टोकं एकदम दिसायला लागली. इंजिनिअरिंगच्या हजारो जागा रिकाम्या, काही कॉलेजं बंद, मेकॅनिकल-सिव्हिलला पोरं नाहीत आणि कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढतायत. तिकडं औरंगाबादजवळच्या वाळूज-शेंद्र्याचे कारखानदार म्हणतात चांगला वेल्डर, सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) ऑपरेटर मिळत नाही. 2011 ला गडचिरोलीला स्वतंत्र विद्यापीठ मिळालं, नंतर राज्याचं कौशल्य विद्यापीठ आलं, 2024 ला आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली (हा खरंच चांगला निर्णय), त्याच वर्षी कंपन्या-कार्यालयांत सहा महिने काम शिकायच्या कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीवाल्याला 6,000, आयटीआय-डिप्लोमाला 8,000, डिग्रीवाल्याला 10,000 रुपये महिना विद्यावेतन सुरू झालं. सहा महिन्यांनी त्या पोरांनी पुढं काय करायचं यावरून लगेच आंदोलनं झाली. कुशल कामगार पाठवायचा जर्मनीतल्या एका राज्यासोबतचा करार पण 2024 चाच.

आता गडचिरोलीत लोखंडाच्या खाणी आणि पोलाद प्रकल्प आलेत, तिथं लागणारा इलेक्ट्रिशियन, वेल्डर, डिझेल मेकॅनिक स्थानिक असावा ही मागणी जोरात आहे आणि ती रास्तच आहे. नवीन संस्थेची घोषणा झाली की लोकांनी इमारतीच्या आधी निदेशकांची किती कायम पदं मंजूर झाली आणि मशिनरीला किती निधी पडला हे विचारावं, 1953 च्या करारातल्या आश्वासनाचा हिशोब तिथंच लागणार आहे.