१९७८ नंतरचं घर आणि छतावरचे दाणे

अमेरिकेत जुनं घर घेणाऱ्या आपल्या मंडळींत एक समजूत पक्की आहे: ‘घर १९७८ नंतरचं ना? मग छतावरच्या त्या पॉपकॉर्नसारख्या दाण्यांत अ‍ॅस्बेस्टॉस नसणार. खुशाल खरवडा.’ (अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे बारीक तंतूंचं खनिज; ते तंतू श्वासातून आत गेले तर फुफ्फुसांना घातक.)

साल खरं, निष्कर्ष चुकीचा. फवारून लावायच्या अ‍ॅस्बेस्टॉसवर तिथल्या पर्यावरण संस्थेने १९७३ मध्ये बंधनं घातली आणि १९७८ मध्ये ती सजावटीच्या लेपांनाही लागू केली. पण कंत्राटदारांकडे पडून असलेला माल पुढेही वापरला गेला. त्यामुळे ऐंशीच्या दशकातल्या घरांतही तो सापडतो. (घरगुती रंगातल्या शिशावरची बंदीही १९७८ चीच, गोंधळात तिचाही हात असावा.)

नुसतं बघून काहीच कळत नाही. अ‍ॅस्बेस्टॉसचे दाणे आणि थर्माकोलचे दाणे, रंगाचे दोन हात बसले की सारखेच दिसतात. नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो, आणि तो जाणकाराकडून घेतलेला बरा. जागा आधी ओली करून, छोटा तुकडा बंद पिशवीत.

आता उलट टोक: अ‍ॅस्बेस्टॉस निघालं म्हणून घर सोडून पळायचीही गरज नाही. लेप शाबूत असेल, कोणी छेडत नसेल, तर तंतू सहसा हवेत येत नाहीत. खरा धोका कोरडं खरवडण्यात, घासण्यात, भोकं पाडण्यात. वर जिप्समचे पत्रे ठोकून झाकता येतं. मात्र स्क्रू त्याच लेपातून जातात, तेव्हा तेही प्रशिक्षित माणसाचंच काम.