पॉवर प्लेमधील व्यूहरचना (आइस हॉकी)

आइस हॉकीत एखाद्या खेळाडूला शिक्षा होऊन बाहेर बसावे लागले, की प्रतिस्पर्धी संघ सहसा पाच विरुद्ध चार असा वरचढ होतो. या काळाला पॉवर प्ले म्हणतात. किरकोळ शिक्षा दोन मिनिटांची असते. पूर्वी गोल झाला तरी ती पूर्ण भोगावी लागे. ५ नोव्हेंबर १९५५ रोजी माँट्रियल कॅनेडियन्सच्या ज्याँ बेलिव्होने बॉस्टन ब्रुइन्सविरुद्ध पॉवर प्लेत ४४ सेकंदांत तीन गोल ठोकले. पुढच्या हंगामापासून एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक लीग) गोल होताच अशी शिक्षा संपू लागली.

जास्तीचा खेळाडू नुसता मैदानात असून भागत नाही. तो मोकळा सापडेल अशी मांडणी लागते. सध्या १-३-१ ही रचना सर्वाधिक रूढ आहे. आक्रमणाचा भाग जिथे सुरू होतो त्या निळ्या रेषेजवळ मध्यभागी उभा असलेला खेळाडू पक (रबराची चकती) सहकाऱ्यांमध्ये फिरवतो. दोघे गोलच्या दोन बाजूंना बर्फावर आखलेल्या डाव्या-उजव्या वर्तुळांपाशी, एक त्यांच्या मधोमध आणि एक थेट गोलरक्षकासमोर असतो. मधला खेळाडू बचावाच्या चौकोनात घुसलेला असतो, आणि खरी मेख इथेच आहे. त्याला घेरायला बचावपटू आत सरकले तर कडा मोकळ्या होतात. कडांकडे धावले तर तो स्वतः मोकळा राहतो. गोलसमोरच्याचे काम सर्वांत बिनकौतुकाचे: गोलरक्षकाची नजर अडवायची, धक्के खायचे आणि परतलेला पक आत ढकलायचा.

कडेच्या खेळाडूचा हातही पाहिला जातो. उजव्या हाताने फटका मारणारा डावीकडे उभा राहिला, तर पलीकडून आलेला पक न थांबवता मारता येतो. गोलरक्षकाला तेवढ्यात एका खांबाकडून दुसऱ्याकडे सरकावे लागते. रशियन खेळाडू अलेक्झांडर ओवेच्किनने वर्षानुवर्षे डाव्या वर्तुळातून असेच गोल केले. ६ एप्रिल २०२५ रोजी वेन ग्रेट्स्कीचा एनएचएलमधील ८९४ गोलांचा विक्रम मोडणारा त्याचा गोलही पॉवर प्लेत, तिथूनच आला.

छत्रीसारख्या रचनेत तिघे वर पसरतात, दोघे गोलजवळ राहतात. लांबून जोरकस फटके मारणारे संघ ती पसंत करतात. एका बाजूला गर्दी करून तिथे संख्याबळ मिळवण्याची पद्धत जुनी, पण अजून वापरात आहे.

१-३-१ मध्ये मागे एकच जण उरतो. त्याच्याकडून पक निसटला, की कमी खेळाडूंचा संघच गोल करून जाऊ शकतो. शिवाय एनएचएलमध्ये त्या संघाला पक थेट पलीकडच्या टोकाला भिरकावण्याची मुभा असते. तसे झाले की पाचही जणांना पक घेऊन पुन्हा आत शिरावे लागते आणि दोन मिनिटांतला मोठा हिस्सा त्यातच जातो.