२१ दिवसांत सवय? कुणी सांगितलं!

"उपयोगाचं ॲप २१ दिवसांत अंगवळणी पडतं, नाही पडलं तर माणूस आळशी." हे साफ चूक आहे. नव्या चेहऱ्याला रुळायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, एवढंच प्लॅस्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांनी १९६० साली लिहिलं होतं. पुढे 'किमान' गळून पडलं. संशोधक फिलिपा लॅली यांच्या लंडनमधल्या अभ्यासात सवय लागायला मधला आकडा ६६ दिवस निघाला. कुणाला १८, तर कुणाला अंदाजे २५४.

दिंडोरीतल्या माझ्या मामांना द्राक्षफवारणीच्या नोंदीचं ॲप मनापासून आवडलं होतं, तरी सुटलं. फवारणी संपते तेव्हा हात औषधाने माखलेले, फोन घरात आणि वही पंपाशेजारी खिळ्याला टांगलेली! सवय अशा ठरलेल्या जागेला, वेळेला चिकटते. आता टाकीत पाणी भरतानाच मामा ॲप उघडतात.