पोक दिसतं, जाणवत नाही

'पोक काढू नकोस' असं कुणी म्हटलं की आपण दोन मिनिटं ताठ बसतो आणि पुन्हा पाठ वाकते. याला आळस म्हणणं मला पटत नाही. आपली पाठ वाकली आहे, हे बऱ्याचदा आपल्याला कळतच नसतं.

वीज गेली तरी घास कानात जात नाही, तोंडातच जातो. हात कुठे आहे हे न बघताही कळतं, कारण स्नायूंच्या आत ताण टिपणारे बारीक संवेदक असतात. स्नायू किती ताणला, किती वेगानं ताणला, ही खबर ते मज्जातंतूंमार्फत सतत पाठवत असतात. या जाणिवेला ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये 'प्रोप्रिओसेप्शन' हे नाव दिलं. ती गेली तर काय होतं? ब्रिटनमधल्या इयन वॉटरमन यांची मानेखालची ही जाणीव १९७१ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, एका आजारात गेली. स्नायूंत ताकद होती, तरी उठून बसता येईना. प्रत्येक हालचाल डोळ्यांनी बघून करायला ते नव्यानं शिकले. पण दिवे गेले की कोसळायचे.

आपली जाणीव शाबूत असते, पण सवयीची ढब तिला सरळच वाटू लागते. मान दुखते म्हणून मी फिजिओथेरपिस्टकडे गेले, तेव्हा त्यांनी मला डोळे मिटून सरळ उभं राहायला सांगितलं आणि बाजूनं फोटो काढला. डोकं खांद्यांच्या बरंच पुढे होतं! मग त्यांनी ते हलकेच मागे आणलं, तर मला वाटलं, मी आता पाठीवर पडणार. डोक्याचं वजन साधारण पाच किलो. ते पुढे झुकलं की मानेच्या मागच्या स्नायूंना तोलून धरावं लागतं.

म्हणून नुसतं छाती काढून बसण्यात अर्थ नाही. लाकडासारखं ताठ राहिलं तरी स्नायू थकतातच. अधूनमधून बैठक बदलणं जास्त बरं. दात घासताना एका पायावर उभं राहावं, बेसिनला हात लावून. घोटा कसा सारखा तोल सावरतो ते जाणवतं. आणि दिवसातली एखादी ठरलेली खूण पकडावी. मी कुकरची शिट्टी पकडली आहे. शिट्टी झाली की जबडा, खांदे, मान कुठे आहेत ते बघायचं. सुधारायची घाई नाही, आधी नुसतं टिपायचं.

परवा कणीक मळताना दुसऱ्या शिट्टीला माझे खांदे पार कानांपाशी सापडले. तिसरी व्हायच्या आत ते आपसूक खाली आले होते.