योम तोव

यहुदी धर्मशास्त्रात (हलाखा) ठरावीक कामांना मनाई असलेल्या सणदिवसांची संज्ञा. तोरेनुसार (मोशेचे पाच ग्रंथ) असे दिवस वर्षात सहा येतात : पेसाहचा (मिसरमधून सुटकेचा सण) पहिला व सातवा दिवस, शावुओत (सप्ताहांचा सण), रोश हशाना (नववर्ष), सुक्कोतचा (मांडवांचा सण) पहिला दिवस आणि त्याला लागून येणारा शमिनी अत्सेरेत. योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या दिवसाला शब्बाथचेच (शनिवारचा साप्ताहिक विश्रांतिदिन) कडक निर्बंध लागू असल्याने त्याचा विचार येथे होत नाही. हनुक्का व पुरीम या उत्तरकालीन सणांना असे निर्बंध नाहीत.

शब्बाथला वर्ज्य असलेले कामांचे ३९ मुख्य प्रकार योम तोवलाही वर्ज्यच आहेत; मात्र तोरेतील निर्गम १२:१६ या वचनाने खाण्यासाठी लागणाऱ्या कामाला सूट दिली आहे. शब्बाथ आणि योम तोव यांत अन्न तयार करण्याखेरीज फरक नाही, असे मिश्नेत (मौखिक धर्मनियमांचा संग्रह, संकलन इ. स. सु. २००) म्हटले आहे. त्यामुळे कणीक मळणे, भाजणे, शिजवणे, पशुवध करणे चालते. लिहिणे, शिवणे, बांधकाम व खरेदी-विक्री चालत नाही. सवलतीची व्याप्ती मात्र पहिल्यापासून वादाची आहे. मूल, लुलाव (सुक्कोतच्या विधीतील खजुराची डहाळी) किंवा तोरेची गुंडाळी घराबाहेर रस्त्यावर नेण्यास शम्माईच्या पंथाची मनाई होती, तर हिल्लेलच्या पंथाने ती मुभा दिली; मिश्नेतील हे दोन प्रतिस्पर्धी गुरुपंथ होत. ओझे वाहणे अन्नासाठी मोकळे झाले, त्याअर्थी दिवसाच्या इतर गरजांसाठीही ते मोकळे झाले, असा हिल्लेलच्या पंथाच्या मताचा तालमूदमधील (मिश्नेवरील चर्चांचा ग्रंथ) खुलासा आहे आणि पुढील शास्त्र त्यावरच उभे आहे.

कापणी व दळण हीसुद्धा अन्नासाठीचीच कामे असताना ती निषिद्ध का, हा प्रश्न भाष्यकारांना सतत पडलेला दिसतो. जेरुसलेम तालमूद (तालमूदच्या दोन संहितांपैकी एक) त्याचे उत्तर वचनांच्या क्रमात शोधतो. धर्मशास्त्रकार मायमोनिडीझ (११३८–१२०४) याच्या मते जे काम आदल्या दिवशी केल्याने काही बिघडत नाही ते शास्त्रकारांनी वर्ज्य ठरवले. नाहीतर माणूस अशी सारी कामे सणासाठी राखून ठेवील, दिवस राबण्यात जाईल आणि सणाचा आनंद हातचा जाईल. भाष्यकार नाहमानिडीझ (मृत्यू १२७०) हा भेद तोरेच्या शब्दरचनेतच आहे असे मानतो; शेतातले कष्टाचे काम एका बाजूला आणि अन्नाचा आस्वाद घेण्यासाठीचे काम दुसऱ्या बाजूला, अशी त्याची विभागणी आहे. प्रत्यक्ष निर्णयांची संगती मायमोनिडीझच्या मताने अधिक सहज लागते. मिश्नेतील मसाल्याचा नियम याचे चांगले उदाहरण आहे : कुटून ठेवलेल्या मसाल्याचा वास उडतो, म्हणून हिल्लेलच्या पंथाप्रमाणे तो सणादिवशी नेहमीसारखा कुटावा, मीठ आधी कुटून ठेवले तरी त्याची चव जात नाही, म्हणून ते कुटायचेच झाले तर लाकडी बत्त्याने, म्हणजे रोजच्यापेक्षा वेगळ्या रीतीने कुटावे.

पेटत्या ज्योतीवरून दुसरी ज्योत लावता येते, पण नवा अग्नी निर्माण करता येत नाही. म्हणून सणापूर्वीच बराच काळ जळणारी मेणबत्ती लावून ठेवतात, तिच्यावर काडी पेटवून गॅसची शेगडी लावतात आणि ती काडी न विझवता आपोआप विझेल अशा जागी ठेवतात. काडेपेटी ओढणे निषिद्ध. विजेचा दिवा लावण्यास रब्बी (यहुदी धर्मगुरू) येखिएल मिखेल एप्स्टाइन (१८२९–१९०८) यांनी परवानगी दिली होती. नंतरच्या बहुसंख्य धर्मशास्त्रज्ञांनी ती मान्य केली नाही.

योम तोवला त्याच दिवसापुरता स्वयंपाक करायचा असतो. सणाला लागून शब्बाथ आला की अडचण होते, कारण शब्बाथला काहीच शिजवता येत नाही. यावरचा उपाय म्हणजे एरुव तावशिलीन. सणाच्या आदल्या दिवशी, सूर्यास्तापूर्वी, पाव आणि एक शिजवलेला पदार्थ, बहुधा उकडलेले अंडे, हाती घेऊन आशीर्वचन म्हणतात, पुढचा स्वयंपाक याच्या आधारे करण्यास मोकळीक असल्याचे उच्चारतात आणि ते अन्न शब्बाथपर्यंत जपून ठेवतात. शब्बाथचा स्वयंपाक अशा रीतीने सणाआधीच सुरू झाला असे धरले जाते. एरुव हा शास्त्रकारांनी घातलेला नियम आहे; मूळ तोरेच्या नियमानुसार हा स्वयंपाक त्याविनाही का चालतो, याविषयी तालमूदमध्ये दोन मते आहेत. शब्बाथची गरज सणादिवशी भागवता येते, असे तालमूदमधील विद्वान रव हिस्दा मानतो. आयत्या वेळी पाहुणे येऊन तेच अन्न सणादिवशीच खातील अशी शक्यता असते, असे रब्बा हा दुसरा विद्वान मानतो. दुसऱ्या मताचा परिणाम आजही जाणवतो : पाहुण्यांना दिवस मावळण्यापूर्वी जेवता येईल इतक्या वेळेत स्वयंपाक उरकावा, असे काटेकोर लोक पाळतात.

इस्राएलबाहेर प्रत्येक योम तोव दोन दिवस पाळतात. महिन्याचा आरंभ चंद्रदर्शनाच्या साक्षीवरून जेरुसलेममध्ये ठरे, ती बातमी दूरच्या वस्त्यांना वेळेत पोहोचत नसे, म्हणून संशयापोटी दुसरा दिवस जोडला गेला. गणिती पंचांग आल्यावर संशय उरला नाही, तरी पूर्वजांची रीत सोडू नये असा निर्णय झाला. हे पंचांग दुसऱ्या हिल्लेलने (वर उल्लेखलेल्या हिल्लेलहून वेगळा, उत्तरकालीन धर्मप्रमुख) इ. स. ३५८–५९ च्या सुमारास घालून दिले, ही परंपरागत माहिती मात्र जपूनच घ्यावी लागते. कैरोच्या गनिझात (सिनेगॉगमधील जुन्या कागदपत्रांचे कोठार) सापडलेल्या इ. स. ८३५–३६ च्या सुमाराच्या एका पत्रातील पेसाहची तारीख आजच्या गणिताशी जुळत नाही आणि ९२१–२२ मध्ये बाबिलोनियातील सादिया व पॅलेस्टाइनमधील बेन मेइर या धर्मपंडितांत पंचांगावरून उघड वाद झाला होता. पंचांग टप्प्याटप्प्याने स्थिरावले, हेच मत अधिक ग्राह्य वाटते. रोश हशाना इस्राएलमध्येही दोन दिवस असतो. ब्रेस्लाऊ येथील १८४६ च्या सुधारणावादी रब्बींच्या परिषदेने दुसरा दिवस सोडण्यास मोकळीक दिली. सनातनी समाजाने ती नाकारली.

पेसाह व सुक्कोत यांच्या मधल्या दिवसांना (होल हामोएद) निर्बंध सौम्य असतात आणि न केल्यास नुकसान होईल असे काम चालते.

दुसऱ्या दिवसाचा नियम राहत्या स्थळाला बांधलेला असल्याने कोकणातून व मुंबई-पुण्याहून इस्राएलमध्ये कायम स्थायिक झालेल्या बेने इस्राएल कुटुंबांना एकच दिवस लागू होतो, तर मुंबई-ठाण्यात राहिलेल्या त्यांच्याच नातलगांना दोन. परत येण्याच्या इराद्याने तिकडे गेलेल्या पाहुण्याने काय पाळावे, यावर एकमत नाही; बहुतेक निर्णयकार त्याला दोन दिवस पाळायला सांगतात.