झाडाखालचे डबके हाही वृक्षबेडकाचा अधिवास

वृक्षबेडूक वाचवायचे तर झाडे राखायला हवीत, हे कुणालाही पटते. त्याच झाडाखालचे पावसाळी डबके मात्र डासांच्या भीतीने बिनदिक्कत बुजवले जाते. सह्याद्रीतील मलबार वृक्षबेडकाच्या बाबतीत अशी अर्धी काळजी घेऊन काहीच साधत नाही, कारण त्याची अंडी पानावर उबतात आणि पिल्ले पाण्यात वाढतात. या दोन जागांना जोडणारा दुवा म्हणजे मादीने घुसळून केलेला फेसाचा गोळा.

आंबोलीपासून केरळपर्यंतच्या ओल्या जंगलांत आढळणारा हा हिरवागार बेडूक एका उडीत सुमारे दहा मीटर अंतर हवेतून तरंगत कापू शकतो. बोटांमधले नारिंगी पडदे ताणले की उतरण्याचा वेग कमी होतो, आणि छायाचित्रांत बहुधा हीच उडी दिसते. मला मात्र त्याच्या घरट्याचे आश्चर्य अधिक वाटते. पावसाळा सुरू झाला की मादी पाठीवर नराला घेऊन डबक्यावर झुकलेल्या फांदीवर येते, अंड्यांबरोबर एक चिकट द्रव सोडते आणि मागच्या पायांनी तो घुसळत राहते. थोड्याच वेळात पानांना चिकटलेला पांढरा गोळा तयार होतो आणि फिकट रंगाची अंडी त्याच्या आत विखुरलेली राहतात.

नुसते पाणी कितीही घुसळले तरी त्याचा फेस टिकत नाही, कारण पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभाग आखडून घेणारी ओढ, जास्त असतो आणि बुडबुड्याची पातळ भिंत लगेच फुटते. द्रवात प्रथिने असली तर ती हवा आणि पाणी यांच्या सीमेवर येऊन पसरतात, पृष्ठताण कमी करतात आणि एकमेकांत गुंतून बुडबुड्याभोवती लवचीक पापुद्रा तयार करतात. अंड्याचा पांढरा बलक फेटल्यावर तो फुलतो तो याच कारणाने. तरीही फेसाला दोन धोके उरतात. एक म्हणजे भिंतींतील द्रव गुरुत्वाकर्षणाने खाली निथळतो. दुसरा अधिक सूक्ष्म आहे: लहान बुडबुड्यातील दाब मोठ्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे लहानातील हवा भिंतीतून झिरपत मोठ्यात जाते, लहान बुडबुडे नाहीसे होतात आणि फेस विरळ होत बसतो. प्रथिनांचा पापुद्रा आकुंचनाला विरोध करतो, म्हणून ही क्रिया मंदावते आणि अंड्यांतून पिल्ले बाहेर येईपर्यंत गोळा तग धरतो. बाहेरचा थर वाळून आतला ओलावा राखतो, बुडबुड्यांतील हवा अंड्यांच्या श्वसनाला उपयोगी पडते, आणि डबक्यातील किड्यांचे तोंड तिथवर पोहोचत नाही. पुढे गोळ्याचा आतला भाग पातळ होतो आणि बेडूकमासे खालच्या पाण्यात टपटप पडतात. डबके नसेल तर ते जमिनीवर पडून मरतात.

मध्य अमेरिकेतील टुंगारा बेडकाच्या फेसात संशोधकांना सहा प्रमुख प्रथिने सापडली. त्यांतील एक पृष्ठताण कमी करते, तर काही शर्करेच्या रेणूंना चिकटतात. हा बेडूक वेगळ्या कुळातला असून त्याच्या पूर्वजांनी फेसाची युक्ती स्वतंत्रपणे साधली आहे.

पाऊस लांबला की आपल्याकडे बेडकांची लग्ने लावतात आणि धोंडी काढताना बेडूक काठीला बांधून मिरवतात. बेडकाच्या ओरडण्याने पाऊस येत नाही. पाऊस आणि दमट हवा आली म्हणून नर मादीला साद घालतो. बेडकाचे श्वसन बऱ्याच अंशी ओल्या त्वचेतून होते, त्यामुळे कोरड्या उन्हात बांधलेला बेडूक गुदमरून मरतो. प्रथा म्हणून याकडे डोळेझाक करणे मला योग्य वाटत नाही.

चुनाम वृक्षबेडूक माणसांच्या वस्तीतही राहतो आणि हौदाच्या भिंतीवर फेस लावतो. याच कुळातल्या झुडपी बेडकांना मात्र डबक्याची गरजच नसते. त्यांच्या अंड्यात बेडूकमाशाची अवस्था उरकली जाते आणि थेट नखाएवढा बेडूक बाहेर येतो, त्यामुळे त्यांच्यापैकी अनेकांना ओला पालापाचोळा पुरतो. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातील एका जातीचा नर तर बांबूच्या पेरातील अरुंद चिरेतून आत शिरतो आणि तिथे घातलेल्या अंड्यांची राखण करतो. म्हणून वृक्षबेडकांसाठी जंगल राखताना कोणती जात कुठे अंडी घालते हे आधी पाहावे लागते: एकीसाठी फांदीखालचे पाणी, दुसरीसाठी न झाडलेला पाचोळा, तिसरीसाठी चीर पडलेला उभा बांबू.